नव्या अध्यापिकेचें पाठटांचण

एखादें काम आपणांस उत्तम येतें, एवढ्यावरून तें दुसऱ्यास शिकवितांहि येईल, असा समज आपल्या समाजांत फार रूढ आहे. ज्या सासूबाईंच्या पुरणपोळीची ख्याति साऱ्या आळींत असते, त्यांना नव्या सुनेनें 'कणीक किती सैल भिजवूं?' असें विचारावें आणि त्यांनीं 'तें हातालाच कळतें, बाई' असें म्हणून मोकळें व्हावें, हा प्रकार कोणत्या घरीं नाहीं? पोळीच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. चार फुटतील, पांचवी साधेल. परंतु जेथें रोग्याच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथें हें उत्तर पुरत नाहीं.

रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढलें आणि पुढें ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें स्त्रियांच्या परिचर्याशिक्षणाची सोय केली. त्या काळीं आपल्या घरांतील स्त्रीनें हा व्यवसाय पत्करावा, ही कल्पनाच पुष्कळांस सहन होत नसे. आज सुशिक्षित घरांतील मुली व सुना रुग्णालयांत कांहीं वर्षें सेवा करून परिचर्या महाविद्यालयांत अध्यापिका होतात. अशी नवी नेमणूक झालेल्या भगिनींसाठीं, आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींसाठींहि, हे चार शब्द आहेत.

नव्या अध्यापिकेची खरी अडचण अज्ञानाची नसून कौशल्याची असते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन विदुषीनें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंत पांच पायऱ्या सांगितल्या आहेत. नवशिकी नियमाच्या आधारानें एकेक पाऊल टाकते. निष्णात परिचारिका सारी परिस्थिति एकदम ओळखते आणि नियमाचा उच्चारहि न करतां योग्य तें करते. अर्थात् जी वरच्या पायरीवर पोंचली, तिला खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. पाठटांचण हें त्या पायऱ्या पुन्हां उतरून येण्याचें साधन होय.

उदाहरणार्थ, रक्तदाब मोजण्याचा पाठ घेऊं. ग्रंथांतील प्रकरण उघडून 'व्याख्या, प्रकार, उपकरणें' अशीं कलमें उतरून काढण्याचा मोह होतो. त्यापेक्षां टांचणाच्या माथ्यावर एकच वाक्य लिहावें : 'तासाच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थिनी एका व्यक्तीचा रक्तदाब स्वतः मोजून नोंदवील.' 'समजेल', 'माहीत होईल' हीं क्रियापदें टाळावीं. समजलें कीं नाहीं हें डोळ्यांना दिसत नाहीं, मोजलेलें दिसतें.

मग आपले हात काय काय करतात, तें सावकाश न्याहाळून ओळीनें लिहावें. रोग्यास पांच मिनिटें स्वस्थ बसविणें; पाठीस टेका, पावलें जमिनीवर; दंड हृदयाच्या पातळीवर; पट्टा उघड्या दंडावर; मनगटाची नाडी लागेनाशी झाल्यावर आणखी ३० मिलिमीटरपर्यंत हवा भरणें; मग सेकंदास २ ते ३ मिलिमीटर या गतीनें ती सोडणें; पहिला ठोका ऐकूं येईल तो वरचा आंकडा, ठोके नाहींसे होतील तो खालचा. ठोके ऐकण्याची ही रीत कोरोत्कॉव्ह या रशियन शस्त्रवैद्यानें १९०५ सालीं सांगितली. प्रत्येक ओळीसमोर तिचें कारण लिहावें. हात लोंबता राहिला, किंवा पट्टा दंडाच्या मानानें लहान पडला, तर आंकडा वास्तवापेक्षां अधिक येतो. आणि त्यावर विसंबून एखाद्या आजोबांचें औषध विनाकारण वाढूं शकतें.

वेळेची वांटणीहि टांचणांतच करावी. तासांतील दहा मिनिटें कारणांस व दहा मिनिटें स्वतः करून दाखविण्यास पुरेत. निदान अर्धा तास विद्यार्थिनींच्या हातांसाठीं राखावा आणि उरलेला शंकांसाठीं. ज्यांत बोलणें अध्यापिकेचें आणि बघणें तेवढें विद्यार्थिनींचें, तें टांचण फाडून पुन्हां लिहावें.

असो. याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट आहे. शिक्षणशास्त्रांत ज्ञान, कौशल्य आणि वृत्ति असे उद्दिष्टांचे तीन भाग मानतात. त्यांपैकीं तिसरा भाग टांचणांत बहुधा रिकामा राहतो. ठोके ऐकूं आले नाहींत, तरी बाई रागावतील या भीतीनें विद्यार्थिनी १२०/८० असा सोज्वळ आंकडा लिहून मोकळी होते. ही लबाडी मुळांत तिची नव्हे. ती भीतीनें शिकविलेली असते. म्हणून तिसऱ्या रकान्यांत असें लिहावें : 'ऐकूं आलें नाहीं, हें विद्यार्थिनी निःसंकोच सांगेल.' दोघींच्या कानांस एकाच वेळीं लागणारा जोड-स्टेथस्कोप शिकविण्यासाठीं मिळतो. तो वापरल्यास अध्यापिकेनें काय ऐकलें आणि मुलीनें काय ऐकलें, याचा मेळ तेथल्या तेथें बसतो. रात्रपाळींत एकट्या पडलेल्या परिचारिकेची खरेपणानें लिहिलेली नोंद हाच रोग्याचा मोठा आधार असतो.

टांचणाच्या शेवटीं थोडी जागा कोरी सोडावी आणि पाठ झाल्यावर, कोठें मुली अडल्या, तें त्याच दिवशीं तेथें नोंदवावें. पुढील वर्षीं तीच नोंद ग्रंथाहून अधिक उपयोगीं पडेल.

आणि घरच्या मंडळींस एक विनंति. सूनबाई संध्याकाळीं वही घेऊन बसली, म्हणजे ती रिकामी बसली, असें समजूं नये. तिला तो एक तास निवांत द्यावा. जमल्यास आजोबांनीं आपला दंड पुढें करून तिच्या पाठाची रंगीत तालीम करवून घ्यावी. ज्या रोग्याला आपण ओळखतहि नाहीं, त्याच्या उशाशीं उद्यां जी मुलगी उभी राहील, तिची तयारी त्या तासांत होत असते.