म्हाळुंग्याचं मैदान आणि गोलरक्षक
गोलरक्षकाची कारकीर्द अडवलेल्या चेंडूंवरून मोजतात. मला वाटतं, ती वाट्याला आलेल्या मोठ्या सामन्यांवरून ठरते. पुरावा मुळशीच्या वेशीवरच आहे. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात 30 जानेवारी 2022 रोजी महिलांच्या फुटबॉल आशियाई चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई 1-1 असे बरोबरीत सुटले. पेनल्टी शूटआउटमध्ये फिलिपिन्सच्या ऑलिव्हिया मॅकडॅनिएलने चेंडू अडवले, स्वतः गोलही मारला आणि तिचा देश पहिल्यांदाच विश्वचषकाला गेला. पेनल्टी म्हणजे नशीब, असं कुणी म्हणेल. मग त्याच विश्वचषकातलं 25 जुलै 2023चं वेलिंग्टन आठवा: यजमान न्यूझीलंडविरुद्धची 1-0 आघाडी इंज्युरी टाइममध्ये तिच्याच हातांनी वाचवली. आपल्याकडे गुणवत्ताच नाही, हा आक्षेपही टिकत नाही. भारताची गोलरक्षक अदिती चौहान 2015मध्ये इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम क्लबकडून खेळू लागली होती. पण 2022च्या त्याच स्पर्धेत, करोनामुळे भारत बाहेर पडण्याआधी, तिला इराणविरुद्धचा एकच सामना मिळाला. तो 0-0 सुटला. तिने एकही गोल होऊ दिला नाही. मैदान आपल्या दारात आहे. क्रीडा खात्याने मुळशीच्या शाळांतल्या मुलींना त्यावर नियमित सामने द्यावेत.