परदेशी निघताना फोनलाही आजार सांगा

सुट्या जवळ आल्या की मुलांकडे परदेशी निघालेले आजी-आजोबा आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. ‘डॉक्टर, तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या,’ ही मागणी ठरलेली. फोनचे काय, असे विचारले की उत्तरही ठरलेले, ‘रोमिंग बंद ठेवणार. घरी वायफाय आहेच.’ बिलाची धास्ती रास्त आहे, पण तयारी तेवढ्याने पूर्ण होत नाही.

आधी गजराकडे पाहू. विमान उतरले की फोन बहुधा आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते. मुंबईत सकाळी ८ वाजता इन्सुलिन घेऊन निघालेल्या व्यक्तीचा ८ चा गजर तिथे साडेतेहतीस तासांनंतर वाजतो. परतताना हेच अंतर १५ तासांहूनही कमी होते. जाताना साखर वाढण्याचा, येताना ती एकदम उतरण्याचा धोका असतो. म्हणून प्रवासाच्या दोन्ही दिवसांचे डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावेत.

दुसरे, औषधांची नावे. आपल्याकडची कंपनीची नावे तिथे कुणाला कळतीलच असे नाही. आपले पॅरासिटामॉलही अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. औषधांची मूळ नावे, मात्रा, अ‍ॅलर्जी आणि नातेवाइकाचा क्रमांक फोनच्या ‘इमर्जन्सी’ माहितीत भरून ठेवा. रुग्ण बेशुद्ध असला, तरी कुलूपबंद फोनवर ती पाहता येते, मात्र भरताना तशी परवानगी द्यावी लागते. प्रिस्क्रिप्शनचा फोटोही फोनमध्ये असू द्या. इंटरनेट नसले तरी तो उघडतो.

तिसरे, तातडीचे क्रमांक. युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, तर संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. रोमिंगचा पॅक नसला तरी असा कॉल सहसा उपलब्ध नेटवर्कवरून लागतो. मात्र सिम काढून ठेवू नका. ब्रिटन आणि जर्मनीत सिम नसलेल्या फोनवरून तो लागत नाही.

छातीत कळ आल्यावर अनेक जण आधी भारतातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतात. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असू शकते आणि इतक्या दूरवरून ईसीजी काढता येत नाही. त्या वेळी पहिला फोन तिथल्या रुग्णवाहिकेलाच करावा. तिकिटे काढून देणाऱ्या मुलांनी आई-वडिलांच्या फोनमध्ये ही माहितीही स्वतः भरून द्यावी आणि क्रमांक कसा लावायचा, हे एकदा समोर बसून दाखवावे.