वेटोळं माणसापुढे हरतं

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून मलंगगडाची रांग दिसते. जंगल म्हटलं की या भागात बिबट्या आठवतो. सह्याद्रीतल्या खवले मांजराचं नाव फारसं निघत नाही. रात्री बाहेर पडून नख्यांनी वारुळं फोडणारं आणि लांब, चिकट जिभेनं मुंग्या-वाळवी टिपणारं हे जनावर दिवसा बिळात असतं. त्याच्या तोंडात एकही दात नाही. आफ्रिकेतला त्याचा पांढऱ्या पोटाचा भाऊबंद झाडावर वावरतो; शेपटीच्या टोकाला खवल्यांविना मोकळी जागा असल्यानं त्याला फांदी घट्ट धरता येते. राहणी वेगळी, पण संकट आलं की दोघंही अंगाचं वेटोळं करतात. बिबट्याच्या दातांना ते भारी पडतं. माणूस मात्र ते उचलून पोत्यात टाकतो. त्यात मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे झालेली घट सहज भरून निघत नाही. म्हणून या प्राण्याला वाचवायचं तर तो पकडला जाण्याआधीच वाचवला पाहिजे, आणि ते गावालाच शक्य आहे.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहेच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, शिकारीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदीचा निर्णय झाला. तरीही एप्रिल २०१९मध्ये सिंगापूरला अवघ्या काही दिवसांत २५ टनांहून अधिक खवले जप्त झाले. आपल्या नखांसारख्याच केराटिनचे हे खवले औषध म्हणून विकले जातात. जप्तीनं गुन्हेगार सापडतो, मेलेलं जनावर परत येत नाही. जिवंत सुटलेलंही पिंजऱ्यात मुश्किलीनं जगतं, कारण त्याचा आहार आणि भित्रा स्वभाव दोन्ही सांभाळणं अवघड असतं.

गरिबाला चार पैसे मिळतात, हा दुसरा आक्षेप. गरिबी खरी आहे, पण या धंद्यातला मोठा नफा दलालाच्या घरी जातो. तुरुंगाची भीती मात्र पकडणाऱ्याच्या वाट्याला येते. चिपळूण तालुक्यातल्या दुगवे गावानं २०२०मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या साथीनं खवलोत्सव साजरा केला आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवली. एका उत्सवानं तस्करी थांबेल का? एकट्यानं नाही. पण बाहेरच्या दलालाला बीळ दाखवायला गावातलाच माहीतगार लागतो. देवाच्या पालखीचा मान मिळालेलं जनावर विकायला त्याचा हात कचरेल. मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांनीही असंच ठरवावं, संशय येताच वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. खवले मांजराला वेटोळ्यापलीकडे दुसरा बचाव माहीत नाही. पुढची राखण आपण करायची आहे.