दुहेरीचा खेळगडी

संस्कृत व्याकरणांत 'द्वंद्व' हा शब्द मोठा मौजेचा आहे. त्याचा एक अर्थ जोडी, आणि दुसरा अर्थ झुंज. द्वंद्व समासांत दोन्ही पदें सारख्याच योग्यतेचीं असतात. 'रामलक्ष्मण' म्हटलें असतां दोन्ही नांवें सारख्याच तोलाचीं ठरतात. बॅडमिंटनच्या दुहेरी खेळाचें याहून नेमकें वर्णन आम्हांस सांपडलेलें नाहीं.

हा विषय आज घेण्याचें कारण असें कीं, घरांतील एखादें मूल खेळांत पुढें येऊं लागलें म्हणजे वडील मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : यांतून पोट भरेल काय? आणि तें मूल दुहेरी खेळणारें असेल तर आजोबा त्यास पुस्ती जोडतात : शिवाय सगळा कारभार दुसऱ्याच्या भरंवशावर! ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी खास नाहीं. म्हणून एका व्यवसायी दुहेरी खेळगड्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडतों.

तत्पूर्वीं एवढें सांगणें अवश्य आहे कीं हा खेळ आपणांस परका नाहीं. इ. स. १८७० च्या सुमारास पुण्याच्या छावणींतील इंग्रज अंमलदार तो खेळत, व 'पूना' याच नांवानें तो कांहीं काळ ओळखला जाई. पुढें सांगलीस जन्मलेले नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं मलायांत विजेतेपद मिळवून परदेशांत तसा मान मिळविणारा पहिला भारतीय होण्याची कीर्ति संपादिली. त्यांचीं राष्ट्रीय विजेतेपदें सतरा. त्यांपैकीं सहा एकेरीचीं, व उरलेलीं अकरा दुहेरीचीं आणि मिश्र दुहेरीचीं, म्हणजे जोडीदारासह मिळविलेलीं आहेत. लोकांच्या तोंडीं मात्र एकेरीचेच नाटेकर आहेत!

आतां चिराग शेट्टी याच्याकडे वळूं. जन्म १९९७ चा, वाढला मुंबईंत, आरंभींचें शिक्षण उदय पवार यांच्या अकादमींत. २०१६ सालीं मलेशियाचे शिक्षक टान किम हर यांनीं त्याची गांठ आंध्रांतील अमलापुरमच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्याशीं घालून दिली. एकाची मातृभाषा दुसऱ्यास येईना. आणि दोघेहि मागें उभे राहून जोरानें फटके मारणारे! दुहेरींत तर चढाईच्या वेळीं एकानें पुढें जाळ्याशीं व एकानें मागें राहावयाचें, आणि बचावाच्या वेळीं दोघांनीं शेजारीं शेजारीं उभें राहावयाचें असते. चव्वेचाळीस फूट लांब व वीस फूट रुंद मैदानांत हा पालट क्षणोक्षणीं, तोंडानें शब्द न काढतां व्हावा लागतो. चिरागनें जाळ्याजवळची जागा सांभाळण्याची विद्या प्रयत्नानें हस्तगत केली. आपला आवडता फटका दुसऱ्याकडे सोंपवणें ही लहान गोष्ट नव्हे.

नागपूरकरांनीं ही जोडी लहानपणींच पाहिलेली आहे. २०१७ च्या नोव्हेंबरांत मानकापूरच्या क्रीडा संकुलांत राष्ट्रीय सामने झाले, त्यांत पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यांत मनु अत्री व सुमीत रेड्डी या मुरलेल्या जोडीनें तीन डावांच्या झुंजीनंतर या दोघांस हरविलें. सायना व सिंधु यांच्या लढतीपुढें त्या सामन्याची आठवण कितीकांस राहिली असेल?

टोकियो ऑलिंपिकांत, २०२१ सालीं, दैवानें तर थट्टाच केली. गटांतील तीन सामन्यांपैकीं दोन यांनीं जिंकले. ज्या तैवानी जोडीनें शेवटीं सुवर्णपदक नेलें तिलाहि यांनीं हरविलें होतें. परंतु तीन जोड्यांचे विजय सारखे भरले, डावांचा हिशेब झाला, आणि हे बाहेर पडले. पुढील वर्षीं मे महिन्यांत बँकॉक येथें थॉमस चषकाचा अंतिम सामना इंडोनेशियाशीं झाला. समोर अहसान व सुकामुल्जो. प्रत्येकजण आपापल्या परीनें थोर, पण ती नेहमींची जोडी नव्हे. पहिला डाव गमावून, दुसऱ्यांत पराभवाच्या कांठावरून परत फिरून, यांनीं सामना जिंकला, व भारतास तो चषक प्रथमच मिळाला. २०२३ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक व जागतिक क्रमवारींत पहिलें स्थान असे दोन्ही मान लाभले. भारतीय जोडीस ते पूर्वीं कधींहि मिळाले नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत मात्र उपांत्यपूर्व फेरींतच पराभव पदरीं आला.

आतां आजोबांच्या शंकेकडे येऊं. २०२३ च्या दिल्लींतील इंडिया ओपन स्पर्धेंत बक्षिसांची एकंदर रक्कम नऊ लक्ष डॉलर होती. एकेरीच्या विजेत्याचा वांटा ६३,००० डॉलर. दुहेरीच्या जोडीचा दोघांत मिळून ६६,६००. म्हणजे घाम तितकाच गाळून हातीं पडावयाचे ३३,३०० ! क्रमवारीचे गुणहि जोडीच्या नांवावर जमतात. जोडी मोडली कीं मांडलेला संसार पुन्हां मांडावा लागतो. एकाचा खांदा दुखावला तर दोघेहि घरीं बसतात. २०२४ च्या एप्रिलांत सात्विकच्या खांद्यामुळें आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा या जोडीस सोडावी लागली. तेव्हां आजोबांची शंका हिशेबास धरून आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

परंतु ज्या घरांत चार भाऊ एका चुलीवर जेवतात, त्या घरानें 'दुसऱ्याच्या भरंवशावर' हा दोष काढावा याचें आम्हांस नवल वाटतें. एकाची नोकरी सुटली तर दुसऱ्याच्या पगारावर दिवस काढावयाचे, स्वतःचें नांव मागें ठेवून घराचें नांव पुढें करावयाचें, हा आपल्या कुटुंबांचा नित्याचाच धडा. तोच धडा हा खेळ वीस फुटांत शिकवितो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच : मुलास दुहेरी खेळूं द्या, पण शाळा पुरी करून घ्या, आणि शरीर थकल्यावर पुढें काय याचा विचार पंधराव्या वर्षींच त्याच्याशीं बसून करा. आणि तो हरून घरीं आला तर 'चूक कोणाची?' असें कदापि विचारूं नका. त्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास तो ज्या दिवशीं शिकेल, त्या दिवशीं त्याची जोडी मोडली असें समजावें.