ओळख देणारे दोघे

भारताचं नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला अर्जासोबत स्वतःच्या प्रतिज्ञापत्राखेरीज दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. आम्ही याला ओळखतो, याचं चारित्र्य चांगलं आहे, असं त्या दोघांनी शपथेवर सांगायचं. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत चांगल्या चारित्र्याची अट आहे, पण ते कशावरून ओळखायचं हे तिथे सांगितलेलं नाही. मग साक्षीला बोलवायचं ते ओळखीच्या माणसांनाच.

पुण्याच्या मुलखाला ही रीत परकी नाही. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, आपापली साक्ष घालत. लिहिता न येणारा पाटील नावाशी नांगराची निशाणी करी. त्या निशाणीला वजन होतं. साक्ष देणाऱ्याला पुढेही त्याच गावात राहायचं असे, आणि साक्ष खोटी निघाली तर चारचौघांत तोंड दाखवायची चोरी. पण याच व्यवस्थेत बाहेरून येऊन जमीन कसणारा माणूस उपरीच राही, मिरासदाराचा मान त्याला सहजी मिळत नसे. हक्क गावाच्या साक्षीवर ठरू लागला की गावाचे पूर्वग्रहही त्याला चिकटतात.

कंपनी सरकारने १८५२मध्ये परकीयांना प्रजाजन करून घेण्याचा कायदा केला. पुढच्याच वर्षी बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेले डेव्हिड ससून ब्रिटिश प्रजाजन झाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, सही त्यांनी हिब्रू लिपीत केली. १८६४मध्ये त्यांचं पुण्यात निधन झालं, आणि कॅम्पातल्या ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला पत आणि ओळख शोधत हिंडावं लागत नाही. प्रश्न असतो तो ज्याच्यामागे कोणी उभं नाही त्याचा.

तो प्रश्न स्वतंत्र भारतापुढे फाळणीनंतर लगेच आला. सिंधमधून आलेली कुटुंबं पिंपरीच्या छावणीत उतरली तेव्हा त्यांचे शेजारीपाजारीही त्यांच्यासारखेच उखडलेले होते. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांपैकी ज्यांचे स्वतःचे, आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे मूळ अविभाजित भारतातले होते, त्यांची दखल घेतली. १९ जुलै १९४८पूर्वी आलेले इथेच राहत असतील तर नागरिक ठरले. नंतर आलेल्यांना सहा महिन्यांचा रहिवास आणि अर्ज देऊन नोंदणी करावी लागे. दोन प्रतिष्ठितांची शिफारस आणा, असं घटनेने म्हटलं नाही. घटनाकारांचा तो मोठेपणा आज पुन्हा आठवायला हवा.

नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या मार्च २०२४च्या नियमांत पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या सहा समाजांच्या अर्जदारांसाठी एका भारतीय नागरिकाचं चारित्र्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र आहेच, शिवाय अर्जदार कोणत्या धर्माचा हे सांगणारा स्थानिक सामाजिक संस्थेचा दाखलाही आहे. एखाद्याची वागणूक शेजाऱ्याला ठाऊक असते, हे मान्य. पण त्याची श्रद्धा ठरवण्याचा अधिकार एखाद्या संस्थेच्या लेटरहेडला कसा मिळतो? हे मला पटत नाही.

चारित्र्याच्या साक्षीला मात्र माझा विरोध नाही. जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकरांसह जमवणारे फ्रेंच गी पॉइटवाँ पुण्यात राहून भारतीय झाले. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट कासेगावात नांदल्या आणि १९८३मध्ये भारतीय नागरिक झाल्या. अशी माणसं आपली आहेत हे सरकारी कागदाआधी आजूबाजूच्या लोकांना कळलेलं असतं. ब्रिटनमध्ये नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही किमान तीन वर्षांच्या ओळखीचे दोन जण द्यावे लागतात. दुखणं आहे ते साक्षीच्या पोकळपणाचं. छापील मसुदा तयार असतो, नावं भरायची, नोटरीचा शिक्का मारायचा. साक्षीदाराने अर्जदाराच्या घरी कधी चहा घेतला आहे का, हे कोणी विचारत नाही. घरकाम करणारी, सोसायटीत जिला कोणी नावाने हाक मारत नाही अशी बाई दोन नावं आणणार कुठून?

जिल्हाधिकारी कार्यालयाने साक्षीदाराला समोर बसवून दहा मिनिटं बोलतं करावं. ज्याला साक्षीदार मिळत नाही, त्याच्यासाठी मुलांच्या शाळेची नोंद किंवा कामाच्या ठिकाणचा दाखला चालेल, अशी तरतूद केंद्राने नियमांत करावी. आणि वाचकहो, तुमच्या ओळखीचं कोणी असा कागद घेऊन दारात आलं, तर न वाचता सही करू नका, आणि नसती भानगड नको म्हणून परतही पाठवू नका.