आठ सारखी मशीनं

गेमिंग रूम काढणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोंधळ करतो. घरी ठेवायला आवडेल असा एक झकास कॉम्प्युटर मनात धरतो आणि त्याला आठाने गुणतो. बजेट फुटलं की मग दोन मशीनं झकास आणि सहा कशीबशी, अशी तडजोड. माझ्या मते यापेक्षा वाईट तडजोड नाही.

कारण साधं आहे. इथे शेजारी बसलेल्यालाच हरवायचं असतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर नवीन चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी. म्हणजे कोपऱ्यातून येणारा शत्रू एकाला जरा आधी दिसणार. पोरांना हे दोन दिवसांत कळतं. मग त्या दोन खुर्च्यांसाठी मारामारी आणि उरलेल्या सहा रिकाम्या! शिवाय मशीनं सारखी असली की एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावता येतो, तो फायदा वेगळाच.

माझा मावसभाऊ कराडला अशी रूम काढतोय. पैसे काकांच्या रिटायरमेंटचे, त्यामुळे प्रयोग करायला जागा नाही. त्याचं म्हणणं, "दादा, एकदाच घ्यायचंय तर आरटीएक्स ५०७० टाकू. पोरं कार्ड बघून येतात."

मी म्हटलं, अरे, येतील रे, पण तुला त्या कार्डाची खरी किंमत माहीत आहे का? ५०७० पूर्ण लोडवर २५० वॅट घेतं, ४०६० घेतं ११५. फरक १३५, आठ मशीनला १,०८० वॅट. रोज आठ तास सगळी मशीनं पूर्ण लोडवर चालली तर महिन्याला सुमारे २६० युनिट जास्त. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. १ टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यातला १ किलोवॅट नुसत्या या हौसेपायी गेला. बरं, बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. ४०६० वालं मशीन मॉनिटरसकट त्यात बसतं, ५०७० वालं बसेलच असं नाही. म्हणजे कार्ड मोठं घेतलं की एसी, यूपीएस, वायरिंग, बिल सगळंच मोठं होत जातं.

आणि कशासाठी? व्हॅलोरंट तर साध्या मशीनवर चालावा म्हणूनच तसा बनवलाय. काउंटर-स्ट्राइक २ ला सेटिंग कमी ठेवली की कार्डापेक्षा प्रोसेसर चांगला लागतो.

आता दुसरं टोक. लॅमिंग्टन रोडला ऑफिसातून निघालेली जुनी मशीनं स्वस्तात मिळतात. मोह होतो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असावं लागतं. तेव्हा चौथ्या पिढीचा आय५ दिसायला कितीही गोंडस असला तरी घेऊ नका.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? आठही मॉनिटर १४४ हर्ट्झचे. रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन काड्या. वायफाय अजिबात नको, गिगाबिट स्विच आणि केबल. काउंटर-स्ट्राइक २ एकटाच ८५ जीबी जागा मागतो. तो आठ वेळा इंटरनेटवरून उतरवायचा म्हणजे संध्याकाळ गेली. स्टीममध्ये २०२३ पासून एका मशीनवरून दुसऱ्यावर लॅनमधूनच गेम कॉपी करता येतो, त्याचा फायदा घ्या. वायरमनला सांगून मशीनांसाठी दोन-तीन वेगळे सर्किट काढून घ्या. ६ अँपियरच्या एका सॉकेटवर पाच मशीनं लटकवू नका.

यात एक तोटा आहे, तो मान्य. भारी ग्राफिक्सवाले, एकट्याने खेळायचे गेम या मशीनांवर पूर्ण थाटात चालणार नाहीत. चालेल. तो माणूस घरी बसून खेळतो. तुमचं भाडं ज्या पाच पोरांच्या टोळीवर निघणार आहे, तिला पाचही खुर्च्या सारख्या हव्या असतात.