घर कुणाच्या नावावर?

नळयोजनेच्या लोकवर्गणीवरून ग्रामसभेत घरमालक खवळले. आधी अंदाजपत्रक दाखवा, मगच पैसे! मागणी रास्तच. पण पाइपासाठी चर खणलेली एक बाई बोलायला उठली, तर 'घर तुझ्या नावावर आहे का?' म्हणत तिला खाली बसवलं. अहो, ग्रामसभा मतदारांची असते, सातबाऱ्याची नव्हे! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नियमांत गावातल्या कामाची १० टक्के वर्गणी (डोंगराळ, दलित-आदिवासीबहुल गावांत ५) श्रमानेही देता येते, आणि पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात. मग मैत्रिणींनो, तिचे श्रम वर्गणीच्या वहीत नवऱ्याच्या नावे का? ती वही मी लेखी मागितली आहे. अजून मिळालेली नाही.